ओंजळीचा बिल्ला

“ओतीव आहे,” मी म्हणालो, आणि मागच्या रांगेत कुणीतरी टाळी वाजवली.

माझ्या तळहातावर पितळेचा एक बिल्ला होता. जुन्या रुपयापेक्षा थोडा मोठा. वर दोरा ओवायला भोक, कडेला एक खाच. मधे तीन ओळी. भागीरथी मिल. ओंजळ. १७३.

“ओतीव म्हणजे काय?” समोर बसलेल्या रणशृंगारे सिस्टरांनी विचारलं. सत्तरीच्या पुढची बाई. निवृत्त नर्स, म्हणून सगळं सोलापूर त्यांना सिस्टरच म्हणायचं. बिल्ला त्यांचा होता.

“वाळूच्या साच्यात पितळ ओतून केलेला. हे बघा, सुईच्या टोकाएवढी भोकं. अक्षरं बोथट. आणि कडेला कानस मारलीय.”

“म्हणजे?”

“म्हणजे खोटा.”

आता सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. नऊ वर्षं झाली. त्या टाळ्या आठवल्या की अजून माझे दात आवळले जातात.

मी तेवीस वर्षांचा होतो. मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दर मंगळवारी सकाळी दुकान बंद ठेवून मी मंगळवार बाजारात. गोणपाटावर पसरलेलं भंगार, कुलपं, अडकित्ते, तुटके कंदील आणि त्यात कुठंतरी नाणी. नाणी मी तिथंच शिकलो. गुरू नाही, कॉलेज नाही. एक भिंग, एक चुंबक, सोनाराकडून घेतलेला छोटा काटा आणि यूट्यूब. चार वेळा फसलो, पाचव्यांदा ओळखलं. एवढीच माझी डिग्री.

मग मी रामदरबाराच्या नाण्याचा व्हिडिओ टाकला. कंपनी सरकारनं १८१८ साली पाडलेलं नाणं म्हणून ते बाजारात विकतात. तांदूळ ओढतं, घरात लक्ष्मी येते, असलं काय काय सांगतात. मी सांगितलं, कंपनीनं असलं नाणं कधी पाडलंच नाही, हे कालपरवाचं आहे. आठ दिवस आईबहिणीवरून शिव्या खाल्ल्या. दुकानाच्या शटरवर कुणीतरी शेण फासलं. मी व्हिडिओ काढून टाकला नाही.

त्या व्हिडिओमुळंच दिवाळीनंतर राजशेखर शेटे माझ्या दुकानात आले. भागीरथी मिलच्या मालकांचा ट्रस्ट होता, त्याचे ते सचिव. शहरातल्या नाणेसंग्राहक मंडळाचेही अध्यक्ष. दोन वर्षांपूर्वी मी त्या मंडळात गेलो होतो तेव्हा ते म्हणाले होते, “बारावी नापासांची वेगळी शाखा काढू आपण.” हसत म्हणाले होते, म्हणून मीही हसलो होतो.

आता तेच माझ्या स्टुलावर बसले.

“श्रीशैल, तुझ्याकडं एक काम आहे. मिल पाडली, फ्लॅट झाले, ते तुला माहितीच आहे. बॉयलर होता त्या इमारतीत आम्ही दालन करतोय. जुने फोटो, यंत्रं, हजेरीचे बिल्ले. लोकांना आवाहन केलं, तुमच्याकडच्या वस्तू आणा. तर एक बाई बिल्ला घेऊन आल्यात. बाजारात मिळाला म्हणतात.”

“मग?”

“त्यांचं म्हणणं असं, की मिलमध्ये काही कामगारांना पेल्यानं पाणी द्यायचे नाहीत. वरून ओंजळीत ओतायचे. आणि कुणाला पेला, कुणाला ओंजळ हे कळायला हा बिल्ला. आता हे दालनात लावायचं, तर आधी खरंखोटं बघायला नको का?”

“विद्यापीठातलं कुणी बोलवा ना सर.”

“ते पुस्तकी लोक. बाजारातली फसवणूक त्यांना काय कळते? तू बघ. तू म्हणशील ते मी मानीन. बाईंनीही तुझं नाव ऐकून हो म्हटलंय.” मग उठताना खांद्यावर हात ठेवला. “आणि शेवटी आपलाच मुलगा आहेस.”

खोटं कशाला बोलू, मला झोप आली नाही त्या दिवशी. आनंदानं. ज्या माणसानं मला दारातनं परत पाठवलं होतं तो म्हणत होता, तू म्हणशील ते.

तर त्या दालनातला तो हॉल. शेदोनशे माणसं. ट्रस्टचा कॅमेरावाला. माझ्या मागच्या भिंतीला काचेची लांब पेटी, त्यात लाल मखमलीवर मांडलेले हजेरीचे बिल्ले. मी त्यांच्याकडं पाठ करून उभा होतो. एकदाही वळून बघितलं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय.

“माझे वडील असलाच बिल्ला करदोट्याला बांधून कामावर जायचे,” सिस्टर म्हणाल्या. “घरी आल्यावर आई तो दाराबाहेर खुंटीला लावायला सांगायची. आत आणू द्यायची नाही. मी लहान होते, पण वडिलांकडनं शंभरदा ऐकलंय.”

“सिस्टर, वडील सांगत असतील. मी पितळ काय सांगतंय ते बघतोय.”

“पितळ बोलतं, आणि माणूस बोलत नाही का?”

लोक कुजबुजले. मला वाटलं बाई माझी परीक्षा घेतायत. माझा आवाज चढला.

“टाकसाळीत नाणं ठोकून निघतं. ओतून करतो तो नकल्या. हा नियम आहे. आणि इतिहास भावनांवर चालत नाही.”

हे वाक्य मी कुठल्यातरी व्हिडिओत ऐकलेलं. त्यावर सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या.

सिस्टरांनी हात पुढं केला. मी बिल्ला दिला. त्यांनी तो रुमालात गुंडाळला, पर्समध्ये टाकला. जाताना माझ्याजवळ थांबल्या.

“रामाचं नाणं खोटं म्हणून तू शिव्या खाल्ल्यास, ते मी बघितलं होतं. मला वाटलं, हा पोरगा कुणाला भीत नाही. म्हणून मी आले.”

“मी आजही कुणाला भ्यालो नाही,” मी म्हणालो.

“हो. आज भ्यायचं काही कारणच नव्हतं तुला.”

मला ते कळलं नाही. शेटे सरांनी शाल घातली, नारळ दिला, आणि एका छापील कागदावर सही घेतली. सदर बिल्ला बनावट आहे असे माझे मत आहे. मी झोकात सही केली.

ट्रस्टनं व्हिडिओ सोडला. दोन दिवसांत दोन लाख लोकांनी बघितला. खाली लिहिलेलं वाचून मला पहिल्यांदा जरा कसंसंच झालं. ‘मिलला बदनाम करणाऱ्यांचं तोंड बंद.’ ‘यांचं सगळंच असं बनावट असतं.’ रामाच्या नाण्यावरून मला शिव्या देणारे काही तेच लोक होते. आता मला वाघ म्हणत होते. मी त्यातल्या कुणालाही उत्तर दिलं नाही. पण व्हिडिओ मीही माझ्या पानावर टाकला. हेही मी मुद्दाम सांगतोय.

तीन आठवड्यांनी एका बाईचा फोन आला.

“तुम्ही तेच का, बिल्लेवाले? आमच्या मामंजींना तुम्हाला भेटायचंय. व्हिडिओ बघितल्यापासनं जेवण धड नाही त्यांचं. नुसती चिडचिड करतायत.”

मामंजी म्हणजे मोनप्पा पांचाळ. चौऱ्याऐंशी वर्षांचे. बाजेवर बसलेले, पाय सुजलेले, हात मात्र फावड्यासारखे. मी आत गेलो तर नमस्कारालाही थांबले नाहीत.

“माझ्या हातच्या कामाला खोटं म्हणतोस?”

“तुमच्या हातच्या?”

“मग कुणाच्या? तुझ्या बापाच्या?”

“अहो मामंजी,” सून म्हणाली.

“तू गप बस गं. पोरा, मिलमध्ये टाकसाळ कुठनं आली? भट्टी होती. यंत्राचे दाते, कप्प्या, खुंट्या, सगळं तिथंच ओतायचो. बिल्ले बी तिथंच. वाळूचा साचा, वरनं पितळ. थंड झालं की पितळ ओतल्या जागी नळी चिकटून राहते, ती तोडायची आणि तिथं कानस मारायची. ती कानस बघून तू नकल्या म्हणालास ना? ती मी मारलीय. पंधरा वर्षांचा होतो, बापाच्या हाताखाली.”

तरी मी म्हणालो, “तुम्हीच, हे कशावरून?”

“भोकाच्या डाव्या अंगाला कानस आहे का नाही?”

होती. व्हिडिओत ती जागा दिसत नव्हती. मी फक्त वहीत लिहिलं होतं.

“बाप नळी तिथंच ठेवायचा. सगळ्या बिल्ल्यांना तिथंच. त्या काचेतल्या हजेरीच्या बिल्ल्यांना बी तिथंच दिसंल, जाऊन बघ. एका बापाची पोरं हायत ती.”

“आणि खाच?”

“पाणक्याला वाचता कुठं येत होतं? बिल्ला हातात आला की अंगठा फिरवायचा. खाच लागली की वरनं ओतायचं. गोल असला की पेला.”

“तुमचा बिल्ला कसला होता?”

“गोल.”

मी काय विचारतोय ते त्यांना कळलं. बाजेच्या सुताशी बोटं चाळवत बसले.

“तुम्हाला काहीच वाटायचं नाही का, बाबा?”

“तहान लागली की पेला मिळायचा. ज्याला मिळतो त्याला काय वाटायचंय?” मग म्हणाले, “देश स्वतंत्र झाल्यावर दोनचार वर्षांत बंद केलं ते. पेटीत भरून कोठीत टाकले सगळे. पण खोटं म्हणू नको. वाईट होतं म्हण. खोटं नव्हतं.”

मी उठलो. चपला घालत होतो तेव्हा ते म्हणाले, “त्या शेट्याला बी हेच सांगितलं मी. तो तरी शहाणा माणूस. सगळं लिहून घेऊन गेला.”

“शेटे सर आले होते? कधी?”

“दिवाळीच्या आधी.”

दिवाळीच्या आधी. माझ्या दुकानात आले ते दिवाळीनंतर.

मी गाडी कशी चालवली ते आठवत नाही. दालनात शिरलो, सरळ काचेच्या पेटीपाशी गेलो आणि भिंग काढलं. वॉचमन म्हणाला काचेला हात लावू नका. मी हात लावलाच नाही, नाक लावलं. पहिला बिल्ला. भोकाच्या डाव्या अंगाला कानस. दुसरा. डावीकडं कानस. तिसरा, चौथा. सगळ्यांच्या अंगावर तीच बारीक भोकं, तीच बोथट अक्षरं. बाजारातलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगतं, एकटी वस्तू बघू नको, तिची जोडीदार शेजारी ठेवून बघ. जोडीदार माझ्या पाठीमागं होते. चार हातांवर. मखमलीवर.

शेटे सर केबिनमध्ये होते.

“हे काचेतले बिल्ले ओतीव आहेत,” मी म्हणालो.

“बस आधी.”

“ओतीव आहेत का नाहीत?”

“असतील.”

“मग ते पण खोटे. पाटी लावा खोटे म्हणून.”

“श्रीशैल, आवाज खाली. ते मिलच्या दप्तरातनं आलेत. तो बाजारातनं आलाय. फरक आहे.”

“तुम्ही मोनप्पांना भेटला होता. माझ्या आधी.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. लाज वगैरे काही नव्हती चेहऱ्यावर. जरा कंटाळा होता.

“म्हातारा माणूस आहे. काहीही बोलतो.”

“विद्यापीठातल्या माणसानं आधी विचारलं असतं, मिलचे बिल्ले कुठं बनायचे. म्हणून त्याला बोलवला नाहीत. तुम्हाला माहिती होतं मी काय बघणार. कानस बघणार, भोकं बघणार, आणि खोटं म्हणणार. कारण मला तेवढंच येत होतं.”

“खोटं मी म्हटलं का? तू म्हणालास. सही तुझी आहे.”

मी टेबलावर हात आपटला. पेनांचं भांडं पडलं. ते उचलून त्यांनी एकेक पेन परत ठेवलं.

“हे बघ. समजा चूक झाली. पण एका बिल्ल्यावर इतिहास बदलत नाही. आणखी असतील तर आण. दहा आण, वीस आण, वेगवेगळ्या नंबरचे. मी स्वतः काचेत लावतो. शब्द देतो.”

हरामखोर माणूस. पण त्या शब्दावर मी तिथनं निघालो, कारण आणखी असणारच होते. मोनप्पांनी सांगितलं होतं, पेटीत भरून कोठीत टाकले. मिल पाडली तेव्हा कोठी भंगारात गेली. आणि भंगार जातं कुठं, ते मला सांगायला कुणी नको होतं.

मंगळवारी सकाळी सातला मी बाजारात होतो. दस्तगीरचाचा गोणपाट झटकत होते. मिलचं भंगार त्यांनी उचललं होतं. सिस्टरांनी बिल्ला घेतला तोही त्यांच्याकडनंच, हे मला तेव्हा कळलं. आधी मी विचारलंच नव्हतं. पितळ बोलत होतं ना माझ्याशी.

“चाचा, ते ओंजळचे बिल्ले. आणखी आहेत?”

“होते की.”

“किती?”

“पोतं होतं, बेटा. अर्ध्याच्या वर. खाचवाले सगळे.”

“कुठं आहेत?”

चाचा माझ्याकडं असं बघायला लागले की जणू मीच त्यांची थट्टा करतोय.

“तूच बोल्ला ना खोटे म्हणून. मी जपून ठेवले होते. त्या सिस्टरबाई बोलल्या होत्या, सगळे बघायला येते, नंबर बघायचेत, कुणाला देऊ नका. मग तुझा व्हिडिओ आला. पोरं मला चिडवायला लागली, चाचा नकली माल विकतो. इथं पस्तीस वर्षं बसतोय मी. कुणी बोट दाखवलं नव्हतं.”

“चाचा, कुठं आहेत?”

“दिले. तोट्या ओतणाऱ्याला. मागच्या मंगळवारी.”

मी त्या कारखान्यात गेलो. होटगी रोडला, पत्र्याची शेड. मालकानं मला भट्टी दाखवली, शेजारी खोक्यात चकचकीत नळाच्या तोट्या दाखवल्या. “कुठल्या तोटीत कुठलं पितळ, कसं सांगू साहेब?” कोपऱ्यातली राख मी काडीनं उकरली. एक बिल्ला तरी. अर्धा तरी. त्याचा कामगार मला हसत होता. मी त्याला शिवी दिली, तर त्यानं उलट दोन दिल्या. बरोबर केलं त्यानं.

तिथनं सिस्टरांच्या घरी. त्यांनी दार उघडलं, मला बघितलं, आत ये म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याबाहेरच उभा राहून सगळं सांगितलं. मोनप्पा, कानस, काचेतले बिल्ले, शेटे, पोतं. तोट्याही.

त्यांनी शेवटी विचारलं, “नंबर बघितले का कुणी?”

“नाही.”

“चाचांनी?”

“नाही.”

“चारशे बारा,” त्या म्हणाल्या. “माझ्या वडिलांचा. बावीस तारखेला मी जाणार होते पोतं बघायला. तुझा कार्यक्रम वीसला होता. मी चाचांना म्हटलं होतं, आधी हे होऊ दे, मग निवांत बसून शोधते. नंतर मला वाटलं, तू म्हणतोस तर असेलही खोटं. वडिलांनी मला सांगितलेलं, शंभरदा सांगितलेलं. तरी मला वाटलं. म्हणून गेले नाही.”

मी हात जोडले. “सिस्टर, माझी चूक झाली. मला माफ—”

“हात खाली कर.”

मी केले.

“माफीबिफी नको मला. मोबाईल आहे ना? काढ. तेव्हा बोललास तसं बोल. नाव सांगून.”

मी मोबाईल त्यांच्या खिडकीच्या गजाला टेकवला आणि तिथंच गल्लीत उभा राहिलो. समोरच्या ओट्यावरच्या बायका बघत होत्या.

“नमस्कार, मी श्रीशैल. माझ्याकडनं एक चूक झाली—”

“चूक नको. काय केलंस ते सांग.”

“मी एका बिल्ल्याला खोटं म्हटलं, पण काही लोकांनी माझा वापर—”

“तुला कुणी हात धरून बोलायला लावलं होतं? शेट्याचं नंतर सांग. आधी तुझं.”

चौथ्यांदा जमलं. मी श्रीशैल हिरेमठ. भागीरथी मिलचा ओंजळीचा बिल्ला खरा आहे. मी तो खोटा ठरवला. माझ्या शब्दावर तसले अर्धं पोतं बिल्ले वितळवले गेले. त्यात चारशे बारा नंबरचा असू शकतो. तो बिल्ला ज्यांच्या कमरेला होता त्यांचं नाव निवृत्ती रणशृंगारे. मग मोनप्पा, मग शेटे, तारखांसकट.

सिस्टरांनी तो पूर्ण बघितला. “टाक,” म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

शेट्यांनी मला वकिलाची नोटीस पाठवली, पुढं काही केलं नाही. मोनप्पा त्याच उन्हाळ्यात गेले. दालन चालू आहे, शाळांच्या सहली येतात, हजेरीचे बिल्ले मखमलीवर आहेत. एकशे त्र्याहत्तर नंबर सिस्टरांकडं आहे. मी परत कधी मागितला नाही.

माझा तो दुसरा व्हिडिओ नऊ वर्षांत अकराशे लोकांनी बघितला. पहिला मी माझ्या पानावरनं काढला, पण तो माझा राहिलाच नव्हता. गेल्या महिन्यात माझ्या बायकोच्या भावानं मला पाठवला. त्यात मी बारीक आहे, दाढी नाही, त्यानं ओळखलंच नाही. खाली त्यानं लिहिलं होतं, ‘भावजी बघा, असा पाहिजे पोरगा. एका मिनिटात नाटक बंद केलं बाईचं.’

मी त्याला दुसरा पाठवला. त्यानं अजून उघडलेला नाही.